नाव बदललं तरी उत्तर तेच

१२ ऑगस्ट १९९१, जिंतूर

सरनं सांगितलंय, क्लासात जे शिकलो ते रोज आपल्या भाषेत वहीत लिहायचं आन् वही कुणालाच दाखवायची न्हाई, सरलाबी न्हाई. कुणी बघणारच न्हाई म्हणल्यावर खोटं लिहून फायदा काय? म्हणून खरं लिहितो. आज मी सरचं आडनाव बदलून टाकलं. त्यायला न इचारता. करायला नव्हतं पाहिजे.

झालं असं. तात्यारावमामाचं इथं बी-बियाण्याचं दुकान हाय. बारावीला आपटल्यापासून मी आमचं गाव बोरी सोडून मामाकडंच पडलेलो. दुकानाच्या माडीवर मामानं औरंगाबादहून कुणाचंतरी जुनं कंप्युटर आणून बसवलं आन् क्लास काढला. शिकवायला वैजीनाथ सर. मूळचे वालूरचे. पुण्यात मोठ्या जागी व्हते, पण घरी आई एकटी, म्हणून आपल्या मुलखात आले. पोरायला वाटलं टायपिंग शिकिवतील, बँकेत चिकटू. सरनं पहिल्याच दिवशी सांगितलं, टायपिंग हाताला येतंच, तुमी डोकं चालवायला शिका. कंप्युटरच्या भाषेचं नाव लिस्प. मामा तिला लिप्स म्हणतो. तिच्यात नुसते कंस. कंसात कंस, त्याच्या पोटात अजून कंस. मी म्हणलं, "सर, कंसाची आमाला सवय हाय. आमचा कंसमामा खाली गल्ल्यावर बसलाय." सर लय हासले. मामाला कुणीतरी जाऊन सांगितलं, ते येगळं.

आजचा धडा. मशीनला मराठी कळत न्हाई आन् आमाला इंग्रजी, म्हणून सर आधी फळ्यावर मराठीत लिहितेत. लिहिलं, दुप्पट (आंबा) मंजे आंबा अधिक आंबा. त्याच्याखाली, दुप्पट (चिंच) मंजे चिंच अधिक चिंच. इचारलं, ह्या दोन्हीत फरक काय? मागून एकजण म्हणला, एक गोड, एक आंबट. सर म्हणले, "काहीच फरक न्हाई. आंब्याच्या जागी पाच टाका, दहा येतेत. चिंचेच्या जागी पाच टाका, दहाच येतेत. नाव आपल्या सोयीसाठी असतंय. नाव बदललं तरी उत्तर तेच. फक्त बदलायचं तर आत सगळीकडं बदलायचं. एक जागा ऱ्हायली का घोळ."

मला ऱ्हावलं न्हाई. मी म्हणलं, "नावानं काय फरक पडत न्हाई, तर मग विद्यापीठाच्या नावापायी एवढी घरं कामून जळाली, सर?"

पोरं हासली. सर हासले न्हाईत. त्यायनं फळा पुसला. मग पुसलेलाच फळा परत पुसला.

दुपारून मामा म्हणला, सरला लॉजवर ढेकणं खायलेत, खोली बघून दे. आमी दोघं निघालो. पहिल्या घरी मालक लय गोड. कंप्युटर म्हणल्यावर तर खुर्चीच टाकली. मग इचारलं, "आडनाव?" सर म्हणले, "खंदारे." मालकाचं तोंड असं झालं जसं चहात मीठ पडलं. म्हणला, खोली तशी भाच्याला द्यायचं ठरलंय. दुसऱ्या घरी खोलीला चुना द्यायचा व्हता. खरंच द्यायचा म्हणावं तर चुन्याची बादलीबी नव्हती.

तिसरं घर कस्तुराबाईचं. मालक वारलेले, पोरगी सासरी, म्होरची खोली रिकामी. बाई मायाळू, पण तिनंबी तेच इचारलं, "आडनाव काय म्हणलाव मास्तर?" सरनं तोंड उघडलं, आन् त्याच्या आधी माझंच उघडलं. मी म्हणलं, "कुलकर्णी! पुण्याचे."

"अगं बाई! देवमाणूस आला की माझ्या दारी."

बाहेर आल्यावर सरनं माझा दंड धरला. "मुंजा, हे काय केलंस तू?"

"तुमीच सकाळी शिकिवलं न, सर. नाव बदललं तरी उत्तर तेच."

"ते फळ्यावर."

"पाकिटावर कायबी लिहा, उगवायचं तेच उगवतंय. मी गवारीच्या पाकिटावर भेंडी लिहून बघितलंय. मामाचा मार खाल्लाय."

सरला हसू आलं, पण त्यायनं ते गिळलं. म्हणले, उद्या जाऊन खरं सांगतो. मी म्हणलं, सांगा की, आन् झोपा परत ढेकणासंग.  मला लय मजा वाटली. आता लिहिताना तेवढी वाटंना.


१९ ऑगस्ट

सर खोलीत ऱ्हायला गेले, उद्या उद्या करत ऱ्हायले आन् कस्तुराकाकू रोज सकाळी चहा देत ऱ्हायली. आता चहा पिऊन कसं सांगणार?

आज फंक्शन मंजे काय. सर म्हणले, पिठाच्या गिरणीत जवार टाकली तर जवारीचंच पीठ यायला पाहिजे. आज टाकली तरी, उद्या टाकली तरी. मालकाचं मन बघून गिरणी कधी जवारीचं आन् कधी बाजरीचं पीठ द्यायली तर ती कामाची का? मी म्हणलं, "माझा बाप तसाच हाय, सर. एकच गोष्ट सांगितली तर एक दिवस हासतो, एक दिवस चप्पल काढतो."

"मग तुझे वडील फंक्शन न्हाईत."

सगळा क्लास हासला. मला एकदम चांगलं वाटलं. बापाबद्दल एवढी बारकी गोष्ट मला कुणी समजून सांगितली नव्हती.

घरी येताना डोक्यात आलं, मग ते घरमालक फंक्शन हायेत का? खंदारे टाकलं का न्हाई. कुलकर्णी टाकलं का या, बसा. कुणीबी टाकू द्या, कवाबी टाकू द्या. हायेत. लय पक्के फंक्शन हायेत. पण सर म्हणले व्हते, आतली किंमत तीच असली तर उत्तर तेच. इथं तर माणूस तोच व्हता. म्हणजे माझं कुठंतरी चुकायलंय. सरला इचारायचं ऱ्हायलं.


२ सप्टेंबर

येलदरीचं धरण हाकेच्या अंतरावर. तिथं वीज तयार व्हती आन् इथं क्लासात अंधार. सर म्हणले, बरं झालं, आता डोकं चालंल.

खाली रेशनच्या दुकानाम्होरं रॉकेलची लाईन लागली व्हती. सरनं आमाला सगळ्यायला तिच्यातच उभं केलं. म्हणले, शेवटच्यानं मोजायचं न्हाई. शेवटच्यानं म्होरच्याला इचारायचं, तुझ्या म्होरं किती? त्यानं त्याच्या म्होरच्याला. असं जात जात पहिल्यापतूर. पहिला म्हणंल, माझ्या म्होरं कुणीच न्हाई. मग उत्तर एकेक वाढत मागं येतंय. पहिला मी व्हतो. माझ्यापाशी सवाल आला तसा मी भिंतीला इचारलं, "का गं भित्ताडे, तुझ्या म्होरं किती?" पोरं लोळायली. रॉकेलवाल्या बाया शिव्या द्यायल्या.

सर म्हणले, "हसा. पण हे ध्यानात ठिवा. मुंजानं जे केलं त्याला मंतेत थांबायची अट नसणं. स्वतःलाच हाक मारणाऱ्या फंक्शनला थांबायची अट पाहिजे. नसली तर ते इचारतच जातंय आन् मशीन मरतंय."

वीज आल्यावर मी मुद्दाम तसं करून बघितलं. मशीन खरंच मेलं. परत चालू करावं लागलं.

खरी गोष्ट तिकडं चालू हाय. काकू रोज एक इचारती. मास्तर, गोत्र कंचं? मी म्हणलं, काकू, मोठ्या शहरात गोत्र सांगायची पद्धत न्हाई. दोरीवर जानवं वाळत कामून दिसत न्हाई? मी म्हणलं, ते पुण्याला धुवायला टाकलंय. काकू म्हणली, "मुडद्या, चेष्टा करतो का?" मी म्हणलं, सुधारक हायेत काकू, लय मोठ्या घरचे सुधारक. तर ती अजूनच खुश. गल्लीत सांगत सुटली, एवढा मोठा बामण, पण माझ्या हातची भाकर खातो, भेदभाव न्हाई.

एक सांगितलं का दुसरं सांगावं लागतंय. दुसरं सांगितलं का तिसरं. सरनं जे शिकिवलं ते मला सगळ्यात आधी कळलं, बाकीच्या पोरायला अजून कळलं न्हाई. ह्याच्यात खुश व्हावं का काय, कळंना.


१७ सप्टेंबर

आज यादी उलटी करायची व्हती. मंजे आंबा, चिंच, बोर असं असलं तर बोर, चिंच, आंबा. सर म्हणले, जुन्या यादीला हात लावायचा न्हाई. ह्या भाषेत बदल करणं न्हाई. जुनं जसं हाय तसं ऱ्हाऊ द्यायचं आन् नवं तयार करायचं.

मी केली. कुणालाच जमली न्हाई, मला जमली. पहिलं बाजूला काढायचं, उरलेली यादी उलटी करायची, आन् बाजूला काढलेलं शेवटी लावायचं. यादी रिकामी झाली का थांबायचं. हिरव्या अक्षरात उत्तर आलं तवा मला वाटलं मशीननं मला वळखलं.

सरनं फक्त पाठीवर हात ठिवला. मग म्हणले, "पुण्याला माझ्यासंग शिकणाऱ्यायला ह्याला आठवडा लागला व्हता. मुंजा, तू हे सोडू नको."

शाळेत मला उंदीर, माकड, वांड, सगळं म्हणलेत. हे कुणीच म्हणलं नव्हतं. मामानं रात्री इचारलं, पोरगं आज गप कामून हाय? मामी म्हणली, पोटात दुखत असंल.


२८ सप्टेंबर

पक्षातली पंचमी. काकूच्या मालकाचं पित्तर. काकूनं दोन दिवस आधीच सरला सांगून ठिवलं, "शिधा घेऊन बामणाच्या दारी कामून जाऊ? बामण माझ्या घरात हाय. तुमीच पानावर बसायचं, मास्तर."

सकाळी सर मला माडीवर घेऊन गेले. "मी आज सांगणार."

"काय सांगणार?"

"खरं ते. मेलेल्या माणसाच्या नावानं मी खोटा बसणार न्हाई, मुंजा. तिला जे वाटतंय ते माझ्या लेखी खोटं असंल, पण तिच्या लेखी खरं हाय."

मी हात जोडले. आयुष्यात बापाला जोडले नव्हते. म्हणलं, सर, मामा क्लास बंद करंल. मला दुसरं कायच येत न्हाई. हे एकच येतंय.

सर माझ्याकडं बघत ऱ्हायले.  मग शर्ट नीट करून खाली उतरले.

जेवले. काकूनं समोर बसून वाढलं. वडे, खीर, अळूचं फतफतं, सगळं. सरचा घास उतरत नव्हता ते मला दारातून दिसायलं व्हतं. काकूला वाटलं मालक आठवले म्हणून ते जड झालेत. ती पदरानं डोळे पुसायली.

मग पत्र्यावर घास ठिवला. दरसाली काकूला कावळ्यासाठी तासभर का का करावं लागतंय, शेजारच्या घरावर बसतेत पण हिच्याकडं येत न्हाईत. आज घास ठिवून ती खाली उतरायच्या आतच कावळा आला. एक न्हाई, लय आले. काकू मोठ्यानं रडायली, "बघा, बघा, मालक किती खुश झाले!"

कावळ्यानं आडनाव इचारलं न्हाई. मला हे वाक्य सुचलं तवा हसू आलं, आन् मी सरकडं बघितलं तर ते हात धूत व्हते. किती वेळ धूत व्हते.


१० ऑक्टोबर

आज जे झालं ते कसं लिहू.  लिहितो तरी.

सकाळी मामानं स्टँडवर पार्सल आणायला धाडलं. तिथं एक म्हातारी उतरली. निळ्या काठाचं लुगडं, डोक्यावर पदर, हातात जड पिशवी. कंडक्टरला इचारायली, "बाबा, कंपुटर शिकिवणारे खंदारे सर कुठं राहतेत?"

 माझ्या डोक्यात खोडी आली. सर क्लासवर व्हते. मला वाटलं, म्हातारीला घरी नेऊन बसवू, सर आल्यावर त्यायचं तोंड बघण्यासारखं व्हईल. म्हणलं, "चला आजी, मी त्यायचाच शिष्य."

रस्त्यानं लय चांगली बोलली. नाव नर्मदाबाई. म्हणली, "तूच का रे तो मुंजा? वैजू म्हणत व्हता, एक लय खोडकर हाय, पण त्याच्या डोक्यात उजेड हाय." मी तिची पिशवी घेतली. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू व्हते, वास येत व्हता.

गल्लीच्या तोंडाला मी थांबलो. म्हणलं, "आजी, एक काम करा. तिथं आडनाव इचारलं तर कुलकर्णी सांगा."

"कोण? आमी?" ती हासायली. खूप हासली. तोंडात मोजके दात. "बामणीन दिसते का रे मी?"

"गंमत हाय आजी. घरमालकिणीला तसंच सांगितलंय. तुमी कायच बोलू नका, फक्त बसा."

तिचं हसू थांबलं. माझ्याकडं बघितलं. म्हणली, "कुणी सांगितलं तसं? वैज्यानं?"

मी म्हणलं, "न्हाई आजी. मीच."

तिनं पदर नीट केला आन् चालायली.

मी हिशोब केला व्हता. म्हातारीला सांगितलं, काकूला सांगितलेलंच हाय, सरला माहीत हाय. सगळीकडं नाव बदललं. मला वाटलं एकबी जागा ऱ्हायली न्हाई.

काकू दारातच व्हती. मी म्हणलं, "काकू, सरच्या आई आल्यात." काकूच्या तोंडावर असा उजेड पडला. "या या माय, धन्य झाले. तुमच्या लेकानं माझ्या मालकाचं तोंड गोड केलं." आन् काकू वाकली. पायावर डोकं ठिवायला वाकली. काकू म्हातारीहून वयानं थोडीच लहान असंल.

म्हातारीनं पाय मागं घेतले, जसा इस्तव पडला. दोन्ही हातांनी काकूला धरायला गेली, मग हातबी मागं घेतले. तिच्या तोंडातून निघालं, "नगं, नगं माय! मला पाप लावू नगं. मी नर्मदा खंदारे, वालूरची. आमच्या पाया कोण पडतंय? जयभीम करा माय, जयभीम."

ती खोटं बोलायला इसरली न्हाई. तिला पाया पडलेलं सोसलं न्हाई. एवढंच.

काकू तशीच वाकलेली ऱ्हायली. सरळ व्हायला तिला लय वेळ लागला.

मग काय, चंद्रभान आला. काकूचा पुतण्या, शेजारीच राहतो. गल्ली गोळा झाली. कुणी म्हणलं, पित्तराला जेवला की हा! कुणी म्हणलं, मालकाचा घास बाटवला. काकू ओट्यावर बसून नुसतं म्हणायली, "माझा मालक उपाशी ऱ्हायला गं, उपाशी ऱ्हायला." कुणीतरी सरला बोलावून आणलं, मामाबी आला. चंद्रभाननं खोलीतलं सामान रस्त्यावर फेकलं. सरची दगडी पाटी व्हती, लहानपणची, तिच्यावर ते आमाला कंस काढून दावायचे. ती फुटली.

चंद्रभाननं सरची गचांडी धरली. "खोटं आडनाव कुणी सांगितलं? सांग! कुणी सांगितलं?"

सरनं माझ्याकडं बघितलं. मी पिशवी धरून उभा व्हतो. फक्त एक डाव बघितलं.

"मी," सर म्हणले. "मीच सांगितलं."

मला वाटलं आता म्हातारी बोलंल. मी तिला गल्लीच्या तोंडाला सगळं सांगितलेलं. तिनंबी माझ्याकडं बघितलं. मग म्हणली, "चल वैजू." आन् माझ्या हातातून पिशवी घेतली. "दे बाळा, जड हाय तुला." पिशवीतून एक लाडू काढून माझ्या हातावर ठिवला आन् चालायली.

एवढ्या गोंधळात म्हातारीला मी ध्यानात ऱ्हायलो न्हाई वाटतं. बरं झालं.

सर सामान उचलत व्हते. मला उचलू लागायला पाहिजे व्हतं. माझ्या एका हातात लाडू व्हता.


११ ऑक्टोबर

काकूनं ओटा धुतला, खोली धुतली, भांडी घासली. मग परत घासली.

लाडू मी खाल्ला न्हाई. टाकलाबी न्हाई.


१३ ऑक्टोबर

मामा दुकानात गिऱ्हाइकायला सांगायलाय, "काय सांगावं, भाऊ, एवढा शिकलेला माणूस आन् खोटं आडनाव सांगून घरात घुसला. माझी इज्जत घालवली." गिऱ्हाईक म्हणतंय, आजकाल कुणाचा भरोसा न्हाई. मी पाकिटं लावत बसतो. भेंडीच्या पाकिटात भेंडी, गवारीच्या पाकिटात गवार.

सरनं शिकिवलं व्हतं, चांगल्या फंक्शननं फक्त उत्तर द्यायचं, वाटंत कायच सांडायचं न्हाई. दुसऱ्याच्या कशाला धक्का लावायचा न्हाई. मी तर एक शब्द बोललो व्हतो. एकच. त्यातून काय काय सांडलं.

आन् ते गिरणीचं. सरला इचारायचं ऱ्हायलेलं, त्याचं उत्तर मला आता आलंय. खंदारे टाकलं, रस्त्यावर. कुलकर्णी टाकलं, जरा उशिरा, पण रस्त्यावरच. नाव बदललं तरी उत्तर तेच. सर बरोबर व्हते. असं बरोबर निघायला नव्हतं पाहिजे.


२० ऑक्टोबर

काकूनं मला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. इकडंतिकडं बघून हळूच इचारलं, "मुंजा, तू व्हतास न तवा? कावळा तर शिवला व्हता की रे? लगेच शिवला व्हता न?"

"व्हय काकू."

"मग कसा शिवला?"

तिचे डोळे सुजलेले. माझ्या जिभंवर आलं, काकू, आडनाव मी सांगितलं. सरनं न्हाई. एवढंच बोलायचं व्हतं. तिला माझ्या तोंडाकडं बघून वाटलं असंल मला काय माहीत न्हाई. घागर उचलून गेली.

वालूरची येष्टी रोज दुकानासमोरून जाती. मी तवा आत जातो.


४ नोव्हेंबर

उद्या लक्ष्मीपूजन. मामा म्हणला, एवढं पैसं घालून मशीन बसवलं ते काय धूळ खायला? क्लास परत चालू करायचा. शिकवायला तू.

मी म्हणलं, मला येत न्हाई.

"कसं येत न्हाई? सगळ्यात जास्त तुलाच येत व्हतं म्हणून तोच सांगायचा. आन् आपला माणूस हाय, गल्लीला हरकत न्हाई."

पेंटर येऊन बोर्ड रंगवून गेला. मुंजा माणिकराव चौधरी सर. आडनाव सगळ्यात मोठ्या अक्षरात. बाप बोरीहून बोर्ड बघायला आला आन् हासला. ह्या डाव चप्पल काढली न्हाई.

मी माडीवर गेलो. तवापासून कुणी फळा पुसला नव्हता. सर अर्ध्यात उठून गेले व्हते त्या दिवशी, बोलावलं तवा. यादीचा धडा चालू व्हता. कंस, कंस, आत कंस, आन् शेवटचा एक कंस बंद करायचा ऱ्हायलेला. मशीनचं तसंच हाय. एक कंस उघडा ऱ्हायला तर ते चूकबी म्हणत न्हाई आन् उत्तरबी देत न्हाई. नुसतं बसून ऱ्हातंय, वाट बघत. सर म्हणायचे, घाबरू नका, ते तुमच्यासाठी थांबलंय.

मी फडकं घेतलं. मग खाली ठिवलं.


१८ नोव्हेंबर

क्लास चालू झाला. पोरं बरीच आलीत, दोन पोरीबी. मी फळ्याचा दुसरा अर्धा वापरतो.

आज मी लिहिलं, दुप्पट (आंबा), त्याच्याखाली दुप्पट (चिंच). इचारलं, फरक काय? पोरं म्हणली, काहीच न्हाई. मला म्होरचं वाक्य बोलायचं व्हतं, ते तोंडातून निघंना. पोरं वाट बघायली. शेवटी म्हणलं, पाठ करा.

पंचफुला नावाची एक हुशार पोरगी हाय. तिनं इचारलं, "सर, हे लय भारी हाय. तुमाला कुणी शिकिवलं?"

जिन्यात मामा उभा व्हता, चहा घेऊन आलेला.

मी म्हणलं, "पुस्तकात वाचलं."

आयुष्यात मी एक पुस्तक धड वाचलं न्हाई. पोरगी म्हणली, कोणतं पुस्तक, सर? मला सांगा, मीबी वाचीन. मी म्हणलं, आता मिळत न्हाई ते.

मामा खुश व्हऊन खाली गेला. मी खिडकीत गेलो. खालून येष्टी गेली. ह्या डाव आत पळालो न्हाई, बघितली. येष्टीत कुणीच वळखीचं नव्हतं.

वाटतं जाऊन सांगावं. काकूला सांगावं, गल्लीला सांगावं, वालूरला जाऊन पायावर डोकं ठिवावं. एवढा एक कंस बंद करायचाय. पण सांगितलं तर बोर्ड उतरंल, बाप चप्पल काढंल, चंद्रभान मला सोडणार न्हाई, आन् मला हे एकच येतंय. रोज म्हणतो उद्या. सरबी म्हणले व्हते उद्या. मला वाटतं मलाच थांबायची अट न्हाई.

तू जो कुणी हे वाचायलास, वही कशी सापडली ते मला माहीत न्हाई, सर म्हणले व्हते कुणी बघणार न्हाई. वाचलंस तर वाचलंस. पण बाबा, हात जोडतो, कुणाला सांगू नको. मामाला सांगू नको, काकूला तर न्हाईच न्हाई. तिला वाटू दे कावळा चुकून शिवला. आन् कधी वालूरला गेलास, निळ्या काठाच्या लुगड्यातली म्हातारी दिसली, तिनं इचारलं, जिंतूरचा मुंजा काय करायलाय, तर म्हण, मला माहीत न्हाई. तिला माहीत असंल तरी तू म्हण, माहीत न्हाई. पाया पडतो तुझ्या. कुणालाच सांगू नको.